हातचा कोणाचा?

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी यंत्राने खरबडे बाईंच्या डोक्यातून हातच्याची बेरीज काढून घेतली. यंदापासून सगळ्याच शिक्षकांना हा नियम होता: जे शिकवता ते आधी विसरायचं, मग स्वतःचाच तास बघून पुन्हा शिकायचं. जमलं नाही तर पुढची सगळी सुट्टी केंद्रातच मुक्काम.

"सव्वीस वर्षं शिकवतेय मी. दहा मिनिटांत घरी जाते की नाही बघा," असं म्हणत बाई ऐटीत पडद्यासमोर बसल्या. पडद्यावर त्यांचाच मागच्या वर्षीचा तिसरीचा तास सुरू झाला.

पडद्यावरच्या बाईंनी फळ्यावर सत्तावीस अधिक पंधरा मांडलं. "सात नि पाच बारा. बारातले दोन खाली, हातचा एक!"

खुर्चीतल्या बाई गोंधळल्या. त्यांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"अहो गवारे सर," त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकांना हळूच विचारलं, "हातचा म्हणजे कोणाच्या हातचा?"

गवारे सरांनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे पहिल्या बाकावरच्या मुलीने नेमकं हेच विचारलं होतं.

"नसते फाटे फोडू नकोस!" पडद्यावरच्या बाई कडाडल्या आणि त्यांनी टेबलावर पट्टी आपटली. "इतकं सोपं आहे. कळलं ना सगळ्यांना?"

खुर्चीतल्या बाई दचकून ताठ बसल्या. त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं. तरी अख्ख्या वर्गाच्या सुरात सूर मिसळून त्या म्हणाल्या,

"होऽऽ बाई!"