हिरवा ठिपका

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. मलाही तो होण्याचा धोका किती, हे तपासायला त्याच्या डॉक्टर मॅडमनी बोलावलं. दादा सोबत आला. "पास हो रे बाबा, घरात एक पुरे," म्हणाला.

मॅडमच्या सगळ्या प्रश्नांना मी "नाही" म्हणालो. आवाज येत नाहीत, कुणी पाठलाग करत नाही. खरंच नाही.

मग नजरेच्या चाचणीसाठी स्क्रीनसमोर बसवलं. हिरवा ठिपका सरकायला लागला. डोकं न हलवता मी नुसत्या नजरेने त्याच्यामागे गेलो. सोपं होतं.

"डोळे कशाला फिरवताय?" मॅडमनी विचारलं. "स्क्रीन अजून लावलीच नाही मी."

ठिपका स्क्रीनवरून उतरून भिंतीवर गेला. तसं बोललो असतो, तर माझाही दादाच झाला असता.

मागून दादा हळूच म्हणाला, "मॅडमच्या कपाळावर थांबला बघ."

तिथेच थांबला होता.