कोवळं ऊन

गोठ्याचं दार उघडलं तेव्हा बया आपणहून कोपऱ्यात सरकली. अठरा दिवस कुणी आत पाऊल टाकलं नव्हतं. भाकरीसुद्धा उंबऱ्यावरच ठेवली जाई.

आज नवरा, दत्तोबा, लोणावळ्याच्या डॉक्टरांना घेऊन आला होता. डॉक्टर सरळ तिच्यापुढं उकिडवे बसले. तिचा हात त्यांनी उजेडाकडं वळवला. दंडावर, पोटापाठीवर बारीक लाल ठिपके, शिंतोडे उडाल्यासारखे. एकावरून त्यांनी अंगठा फिरवला, तसा पांढरा पापुद्रा सुटला. बयाला हुंदका आला.

"दुखलं का?"

"न्हाई. कुनी हात लावला न्हवता."

"हे उठायच्या आधी घसा धरला होता?"

"व्हय. पंधरा दिस आदी. थुकीबी गिळवत न्हवती. तापबी लय."

"त्याच्यामागूनच आलंय हे." डॉक्टर दाराकडं वळले. तिथं सासू, सरुबाई, उभी होती. "हा महारोग नाही, देवीही नव्हेत. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक दोन-तीन महिन्यांत आपोआप जाईल. खोबरेल लावा, आणि रोज थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसवा."

"लेकराला पाजू?" बयानं विचारलं.

"खुशाल पाज."

सरुबाईनं डॉक्टरांना हात जोडले. दत्तोबा त्यांना कार्ल्याच्या सडकेपर्यंत पोचवून आला, तर गोठ्याला पुन्हा बाहेरून कडी.

"आत्याबाई, डाक्टर म्हनले न्हवं..." आतून बया म्हणाली.

"ऐकलं म्या. खरंबी वाटलं. पर गावाला काय सांगू, घसा दुकलाता म्हून? चैतात तुज्या नणंदेचं, चंपीचं लगीन हाय. नवऱ्याकडच्यांच्या कानावर गेलं तर पोर घरात ऱ्हाईल. तवर कळ काड, बाई."

"आन् ऊन?" दत्तोबानं विचारलं.

सरुबाईनं वर कौलांकडं पाहिलं. मग म्हणाली, "शिडी आन."

दत्तोबा छपरावर चढला. त्यानं चार कौलं काढली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर उन्हाचा तुकडा पडला. भोकातून त्याचं तोंड दिसलं. नजर मात्र दुसरीकडंच होती.

"बास का एवडं?"

पदर सारून बया उन्हात बसली. ओसरीवर लेकरू रडायला लागलं. तिची चोळी भिजली.

ऊन सरकेल तशी ती सरकत राहिली. दुपार कलली, तुकडा भिंतीवर चढला, तशी ती उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग टाचा उचलल्या. मग हात वर केले. ऊन तिच्या बोटांवरून वर गेलं.