वाटेचा निकाल

जुन्या निकालाची नक्कल मिळाली, तर अनुसयाबाईंना घरापर्यंतची आठ फुटी वाट परत मिळणार होती. नाही मिळाली, तर भावकीतल्या रंगरावांनी ठोकलेल्या तारेखालून त्यांना उरलेलं आयुष्य वाकून जायचं होतं, आणि गुडघे आताच कुरकुरत होते.

"मावशी, दाव्याचा नंबर सांगा," तालुका कोर्टातला नक्कल विभागाचा कारकून म्हणाला. "नुसतं 'वाटेचा दावा' म्हणून कसा शोधू? या तालुक्यात निम्मे दावे वाटेचेच आहेत."

"नंबर मालकांना पाठ होता. ते गेले. आता रंगराव म्हणतो, असा निकाल झालाच नाही."

"समोरच्याचं पूर्ण नाव तरी सांगा."

अनुसयाबाईंनी वडिलांच्या नावासकट सांगितलं. कारकुनाची मान वर झाली. त्याने गेल्या वर्षीचं नकलांचं रजिस्टर ओढलं आणि मार्चच्या पानावर बोट टेकवलं.

"हे तर स्वतःच नक्कल घेऊन गेलेत! नंबर यांच्याकडेही नव्हता. फाईल रद्दीत गेली की आहे, एवढं बघायला तीन आठवडे खेटे घातले. सापडली तेव्हा तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. हा घ्या तुमचा नंबर."

"बघा," बाई हसल्या, "मेल्याने आयुष्यात पहिल्यांदा माझं काम केलं."

अर्ज तिथेच भरला गेला. सोळा पानांच्या नकलेचे पैसे अनुसयाबाईंनी दिले. शोधायची फी रंगराव आधीच भरून गेले होते.