परतीची पावलं

सेरेंगेटीतल्या कॅम्पवर सिरोन्का रोज संध्याकाळी तंबूंभोवतीची माती झाडून सपाट करायचा. रात्री कुठलं जनावर फिरकलं, ते सकाळी पावलांवरून कळायचं.

आज तो चहा घेऊन मवाजुमाबाईंच्या तंबूपाशी आला, तर सिंहिणीची पावलं थेट दारापर्यंत गेलेली. परतीची कुठेच नव्हती. कापड धड होतं, चेन लावलेली होती.

"बाई, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? चहा आत आण!" आतून बाईंचा नेहमीचा खणखणीत आवाज आला.

हुश्श करून तो चेनीकडे वाकला.

"अरे सिरोन्का!" मागून, बहिणीच्या तंबूच्या दारातून मवाजुमाबाईंनी हाक मारली. "काल मी इकडेच झोपले. चहा इकडे आण!"

त्याने हात मागे घेतला. चेन आतून उघडू लागली.