सावलीची जागा

"अण्णा, फांदी कुठे गेली?"

गाडीची काच खाली करून यज्ञेशने पहिला प्रश्न हा विचारला. त्याचा बाप प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भर उन्हात बसला होता. डोक्यावर ओला करून टाकलेला टॉवेल केव्हाच वाळून कडक झाला होता. अण्णांनी मान वर केली, पण उन्हाने डोळे उघडेनात.

"सकाळी छाटणीवाले आले. पावसाआधीची छाटणी. मी म्हटलं, एवढी एक ठेवा बाबांनो. ऐकलं नाही."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

नाहूरच्या त्या सोसायटीत गाड्या जास्त, जागा कमी. कुणाची जागा ठरलेली नाही. जो आधी येईल त्याची. सगळी भांडणं भिंतीलगतच्या शिरीषाच्या झाडाखालच्या जागेवरून. पूर्वी शेजारचा नंदकुमार तिथे कुंड्या मांडून जायचा. यज्ञेशनेच मीटिंगमध्ये आवाज चढवून नियम करून घेतला, की वस्तू ठेवून जागा अडवायची नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून, गाडी बाहेर पडली की तिथे बापाला बसवायला लागला. बाप ही वस्तू नव्हे. निदान नियमात तरी नव्हे.

"काय अण्णा, ड्युटीवर?" नंदकुमार जाता-येता टोमणा मारायचा. अण्णा हसायचे. गाडी आल्यावरसुद्धा ते खुर्ची बाजूला सरकवून चहापर्यंत खालीच बसायचे. "कावळे घाण करतात रे. बघायला कोणीतरी हवं." यज्ञेशच्या ते पथ्यावरच पडलं. दुपारभर तो एसीच्या खोलीत दार लावून ऑफिसचं काम करायचा. बायको, दीप्ती, कधी म्हणाली की अण्णांना ऊन लागेल, तर याचं उत्तर तयार. "गिरणीच्या उकाड्यात आयुष्य काढलंय त्यांनी. त्यांना काय होतंय?"

आज गाडी गॅरेजमधून येत होती. उन्हाळ्याचं सगळं करून घेतलं होतं. कूलंट बदललं, एसीचा गॅस भरला, टायरची हवा तपासली, वर चकचकीत कोटिंग मारलं. "ऊन गाडीला आतून खातं," असं यज्ञेश भेटेल त्याला ऐकवायचा. "रबर तडकतं, बॅटरी बसते. वरून काही दिसत नाही. एक दिवस गाडी रस्त्यात उभी राहते, तेव्हा कळतं."

कोटिंगचं ठरत होतं तेव्हा अण्णांनीही एक विषय काढला होता. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. "गच्चीला तो पांढरा रंग देतात ना रे, ऊन परतवणारा..." यज्ञेश मोबाइलवर सीट कव्हरं बघत होता. मान वर न करता म्हणाला, "पावसाळ्यानंतर बघू." ऊन परतवणारा रंग, पावसाळ्यानंतर! स्वतः काय बोलला ते त्याच्या कानापर्यंतसुद्धा पोचलं नाही.

"फांदी गेली तर बाजूला सरकायचं ना!" आता तो गाडीतूनच ओरडत होता. "पलीकडे बिल्डिंगची सावली आहे, ती जागा धरायची! लावली ना नंदकुमारने गाडी तिथे. एवढं साधं डोकं चालत नाही तुमचं?"

अण्णा घाईघाईने उठायला गेले. खुर्ची आडवी झाली. ते भिंतीला धरायला गेले, तर हात भिंतीपर्यंत पोचलाच नाही. मटकन खाली बसले.

"अरे मेल्या, गाडी घाल चुलीत!" पहिल्या मजल्यावरून मीराकाकू कडाडल्या. "बापाचं तोंड बघ आधी!"

खिडक्या उघडल्या. यज्ञेश धावला. अण्णांचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा दचकला. कोरडा, तापलेला हात. इंजिन किती तापलं की काय करायचं, हे त्याला तोंडपाठ होतं. इथे तो नुसता उभा. नंदकुमार पळत आला. बागेच्या नळाखाली टॉवेल भिजवून त्याने अण्णांच्या डोक्यावर ठेवला, पाणी घोटघोट पाजलं, दोघांनी उचलून त्यांना गाडीत बसवलं, एसी लावला. मग नंदकुमार निघून गेला. टोमणा मारला नाही. मारला असता तर यज्ञेशला बरं वाटलं असतं.

हळूहळू अण्णांचा श्वास जागेवर आला. "झकास गॅस भरलाय रे," ते म्हणाले.

यज्ञेशला त्यांच्याकडे बघवेना. खिडक्यांत माणसं अजून उभी होती. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "उद्यापासून खाली बसायचं नाही, अण्णा. गाडी पडू दे उन्हात. मला नको ती जागा."

अण्णा हसतील, सुटलो म्हणतील, असं त्याला वाटलं. पण त्यांचा चेहराच उतरला.

"चुकलं रे माझं. उद्या पलीकडची जागा धरतो ना. लवकर उतरतो. रागावू नकोस."

"रागावलो नाही हो! घरात बसा. आरामात बसा."

अण्णांनी काचेतून वर पाहिलं, सगळ्यात वरच्या मजल्याकडे. मग बाहेर आडव्या पडलेल्या खुर्चीकडे.

"घरात दुपारचं बसवत नाही रे," ते हळूच म्हणाले. "आपल्या अख्ख्या घरात ती झाडाखालचीच एक जागा गार होती."