गोदू गप होते

कोळीवाड्यातल्या त्या घरात गोदू चटईवर उताणी पडून लाथा झाडत होती. प्रांजल आत्या तोंडाने बोटीचं इंजिन वाजवायची, की पोर खिदळायची.

बोंबलाची रिकामी टोपली दारात टेकवून रंजिता बघत उभी राहिली. पोटच्या पोरीला दिसत नाही, हे तिने कसंबसं पचवलं होतं. ती नणंदेपाशीच हसते, हे काही पचत नव्हतं.

ती आत आली. हातातल्या बांगड्या वाजल्या. गोदूचे पाय जागीच थांबले. हसू गेलं, तोंड पलीकडे फिरलं.

"आली आई, फिरवली मान," रंजिता म्हणाली. "उद्या तूच ने हिला दवाखान्यात. मॅडम बोलल्यात, पोर जिला वळखते तिनंच घेऊन या."

प्रांजलने हात ओढणीखाली घेतले. रंजिताने एक हात ओढून बाहेर काढला. मनगटभर हिरव्या बांगड्या, सोनेरी ठिपक्यांच्या. अगदी रंजिताच्या हातातल्यासारख्या.

"पोर घेतलीस. आता बांगड्या पन?"

"कालच भरल्या," प्रांजल म्हणाली. "मी दिवसभर माकड होऊन नाचते हिच्यापुढं, वयनी. तुझ्या बांगड्या वाजल्या की मी कोन न् काय. खेळ टाकून गप होते. मान फिरवत नाय ती, कान लावते तुला. मनात बोलले, तशाच बांगड्या घालून बगू, माज्यासाठी गप होते का."

"मग?"

प्रांजलने बोट ओठावर ठेवलं. दोघी गप्प बसल्या. जरा वेळाने गोदू परत पाय मारायला लागली. प्रांजलने तिच्या कानाशी हात हलवला. बांगड्या खणखणल्या. गोदूने आणखी जोरात लाथ मारली.

"बग. फसली नाय."

रंजिताने आपला हात उचलला. प्रांजलकडे बघत तो तसाच धरून ठेवला. मग हळूच हलवला.

गोदूचे पाय थांबले. कान आईकडे.

प्रांजल उठली. मोरीत जाऊन साबण लावून एकेक बांगडी उतरवायला लागली. बांगड्या फरशीवर किणकिणत होत्या.

गोदूचा कान तिकडे वळतो का, ते रंजिता श्वास रोखून बघत राहिली.