सगळ्यात उंच डोकं

"छे छे, तुम्हीच बसा जावईबापू. ही जागा आता तुमची," असं म्हणत बापूरावांनी कॅनूच्या मागच्या उंच फळीवर स्वतःच्या हातानं टॉवेल अंथरला. तेजस गहिवरला. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि सासरे एवढा मान देतायत! बिचाऱ्याला काय माहीत.

दिवाळी आटपली की पानशेतच्या काठावर तंबू ठोकायचा आणि दिवसभर ती लांबट होडी वल्हवत हिंडायचं, हा खडकीच्या या कुटुंबाचा दरवर्षीचा नेम. आणि दरवर्षी ठरलेल्या गोमाश्या. म्हशीचं कातडं फोडणारी जात ती, माणसाची काय कथा! पण त्यांचा एक कायदा बापूरावांनी केव्हाच ओळखला होता. होडीत जे डोकं सगळ्यात उंच, त्याच्यावरच त्या तुटून पडायच्या. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नसत. बापूराव काही फार उंच नव्हते, पण बायको आणि मुलगी त्यांच्याहून बुटक्या, आणि मागून वल्हवणाऱ्याची फळी उंच. टोपी घालून झाली, कडुलिंबाचं तेल चोपडून झालं, पंचा गुंडाळून झाला. गोमाश्यांनी दाद दिली असेल तर शपथ. म्हणूनच पूर्वासाठी स्थळं बघताना त्यांनी पत्रिका बाजूला सारली आणि आलेल्या प्रत्येक मुलाला आधी भिंतीशी उभं केलं. तेजस सहा फुटांच्या चांगलाच वर गेला, तेव्हा बापूरावांनी त्याचा पगारसुद्धा विचारला नाही.

होडी काठापासून सुटली तोच पहिली गोमाशी आली. बापूरावांच्या कानाजवळून घूं करत गेली आणि तेजसच्या कपाळावर बसली.

"आई गं!"

"चावली वाटतं," बापूराव म्हणाले आणि मधल्या फळीवर ऐसपैस टेकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पानशेतचं पाणी नीट पाहिलं. पलीकडे डोंगर होता, हेही त्यांना आजच कळलं. काय सुख म्हणता!

हे सुख दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं. तंबूपाशी उतरल्यावर मालनबाईंनी नेहमीप्रमाणे खोबरेल तेलात हळद कालवली. इतकी वर्षं ती वाटी बापूरावांसमोर यायची. मालनबाई त्यांचं डोकं मांडीवर घ्यायच्या, एकेका टेंगळावर हळुवार बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "किती हो सोसता आमच्यासाठी." वर्षातून तेवढंच एकदा. एरवी 'दळण आणलंत का' आणि 'पंखा बंद करा' यापलीकडे नवऱ्याशी बोलायला त्यांना वेळ नसे.

आज वाटी थेट तेजससमोर गेली.

"किती हो सोसलंत आमच्यासाठी, जावईबापू!" मालनबाईंनी त्याच्या कपाळावर हळुवार बोट फिरवलं. पूर्वा तर नवऱ्याच्या सुजलेल्या कपाळाकडे अशी कौतुकानं बघत होती की विचारू नका.

बापूरावांनी आपलं डोकं चाचपलं. गुळगुळीत. कुठे साधा फोडसुद्धा नाही.

"मलाही इथे जरा चावल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

मालनबाईंनी लांबूनच पाहिलं. "घामोळं असेल. पावडर लावा."

बापूरावांनी ताट पुढ्यात ओढलं. अरे, इतकी वर्षं या घरासाठी रक्त कुणी दिलं? आणि ज्या जागेमुळे बायको प्रेमानं विचारायची, ती आपण टॉवेल अंथरून देऊन बसलो! त्यांना पुलाव गोड लागेना.

संध्याकाळच्या फेरीला ते सगळ्यांच्या आधी जाऊन मागच्या फळीवर बसले. तेजस म्हणाला, "बाबा, तुम्हाला चावतील हो."

"चावू देत! ही जागा माझी आहे."

तेजस मधल्या फळीवर बसला. पण पोरगा तिथेही उंचच भरला. गोमाश्या आल्या त्या बापूरावांना ओलांडून सरळ त्याच्याकडे. बापूरावांनी मान ताणली. टोपी काढून टक्कल उघडं केलं. "या गं बायांनो, इकडे या," असं पुटपुटूनही पाहिलं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" मालनबाई म्हणाल्या.

"आहे ना! त्यांना दिसत नाहीये, त्याला मी काय करू?"

आणि बापूराव चक्क उभे राहू लागले. होडी डुगडुगली. पूर्वा किंचाळली, "बाबा, बसा आधी! बुडवाल सगळ्यांना!" बापूराव धपकन खाली बसले. तेजसनं मागे वळून पाहिलं. सासऱ्यांचे डोळे भरले होते आणि ते त्याच्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते मालनबाईंनी जावयासाठी होडीत आणलेल्या हळदीच्या वाटीकडे.

तेजसनं आपल्या डोक्याभोवती घोंगावणाऱ्या गोमाश्यांकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या उघड्या टकलाकडे. "बाबा," तो म्हणाला, "दिवाळीचा नमस्कार राहूनच गेला बघा."

तो बसल्या जागी वळला, लांबलचक अंग दुमडून वाकला आणि त्यानं सासऱ्यांच्या पायांवर कपाळ टेकलं.

"सुखी राहा," बापूराव कसेबसे म्हणाले. "उठा आता, जावईबापू."

"नको बाबा. वल्हवा तुम्ही. काठाला लागलो की उठतो."

घूं असा आवाज आला. घुटमळला. वर, आणखी वर गेला. बापूरावांनी ताठ बसून डोळे मिटले.

"चावली!" सगळ्या पानशेतला ऐकू जाईल असे ते ओरडले. "मालन, अगं चावली!"